न पाहिलेलें शिखर

दुरून डोंगर साजरे, असें आपल्याकडे म्हणतात. आणि म्हणणाराच्या मनांत बहुधा जवळ गेल्यावर लागणारे काटे व दगड असतात. परंतु ज्या डोंगराच्या जवळ जाणें तर नाहींच, पण दुरूनही ज्याचें दर्शन कधीं घडलें नाहीं, असा डोंगर एखाद्यानें पटावर उभा करावा, आणि त्याच्या पायथ्याशीं जाऊन आलेल्यांच्या चित्रांपेक्षां तोच लोकांच्या मनांत घर करून राहावा, हा प्रकार कलेच्या इतिहासांत विरळा. कॅस्पर डेव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकारानें १८२४-२५ सालीं रंगविलेलें 'वाट्समान' हें असें एक चित्र आहे. त्यांतील प्रकाश, त्यांतील रंग, आणि या दोहोंमुळें पाहणाराच्या मनाची जी अवस्था होते ती, यांविषयीं आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें आहे. आणि तें लिहीत असतां हें चित्र कोणत्या प्रसंगीं निर्माण झालें व कोणाकोणाच्या हातांतून गेलें, हेंही सांगावें लागणार आहे.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. आमच्यासमोर आहे ती या चित्राची छापील प्रत, आणि बर्फाच्छादित पर्वताचा आमचा परिचय पुस्तकांतून व चित्रांतून झालेला. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसास डोंगर म्हटला म्हणजे काळा कातळ, पावसाळ्यांतील हिरवळ आणि उन्हाळ्यांत वाळलेल्या गवताचा पिवळा रंग, एवढेंच आठवतें. तेव्हां हिमशिखराचें वर्णन करण्याचा आम्हांस अधिकार काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच, कीं तो अधिकार खुद्द फ्रीड्रिखलाही नव्हता. कालिदासानें हिमालय स्वतः पाहिला होता कीं नाहीं, यावर आपल्या पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. फ्रीड्रिखच्या बाबतींत तसल्या वादाला जागाच नाहीं. त्यानें आल्प्स पर्वत कधींही पाहिला नाहीं, हें निश्चित आहे.

फ्रीड्रिखचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजीं बाल्टिक समुद्राच्या कांठीं ग्राइफ्स्वाल्ड या गांवीं झाला. तो मुलूख त्या काळीं स्वीडनच्या अंमलाखालीं होता. बापाचा धंदा साबण व मेणबत्त्या करण्याचा. मुलगा सात वर्षांचा असतांना आई वारली, आणि १७८७ च्या हिंवाळ्यांत त्याचा एक भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यांत बुडाला. कॅस्परला वाचवितांनाच तो गेला, असें सांगतात. पुढें त्यानें बर्फाचें कोणतेंही चित्र काढलें कीं चरित्रकार या प्रसंगाकडे बोट दाखवितात. आम्हांस ही रीत फारशी पसंत नाहीं. दुःख मोठें होतें यांत संशय नाहीं; पण ज्या देशांत दर वर्षीं नद्या गोठतात तेथील चित्रकारानें बर्फ रंगविण्यास बालपणींचा मृत्यूच कारण असला पाहिजे असें नाहीं.

कोपनहेगन येथें शिक्षण घेऊन तो १७९८ सालीं ड्रेस्डेन शहरीं आला आणि जन्मभर तेथेंच राहिला. त्याच्या चित्रशाळेचीं त्याचा स्नेही केर्स्टिंग यानें काढलेलीं चित्रें उपलब्ध आहेत. खोली जवळ जवळ रिकामी. भिंतीला टांगलेल्या रंगफळ्या व पट्ट्या, एक चित्रफलक, एक खुर्ची. आणि खिडकीचा खालचा भाग फळीनें बंद केलेला, म्हणजे रस्ता दिसूं नये आणि उजेड यावा तो वरूनच, आकाशाकडूनच. आकाश रंगविण्याच्या दिवशीं त्याच्याशीं कोणीं बोलावयाचें नाहीं असा घरांत दंडक असे, ही गोष्ट त्याच्या पत्नीनें भेटीस आलेल्यांस सांगितलेली नमूद आहे. हा मनुष्य प्रवासाचा हौशी नव्हता असें मात्र नव्हे. १८१० सालीं तो केर्स्टिंगबरोबर रीझेनगेबिर्ग पर्वतांत आणि पुढच्या वर्षीं हार्त्स पर्वतांत पायीं हिंडला. पण त्या काळच्या प्रत्येक चित्रकाराचें जें तीर्थक्षेत्र, त्या इटलीला तो गेला नाहीं; १८१६ सालीं रोमहून एका डॅनिश मित्राचें आग्रहाचें बोलावणें आलें असतांही गेला नाहीं. आल्प्स पर्वत इटलीच्या वाटेवर. तेव्हां तोही राहिला.

मग न पाहिलेलें शिखर काढण्याची बुद्धि त्यास कां व्हावी? याचें एक कारण अगदीं मानवी आहे. लुड्विग रिख्टर नांवाचा एक ड्रेस्डेनचाच तरुण चित्रकार १८२३ सालीं आल्प्समधून रोमला गेला, आणि तेथें त्यानें वाट्समानचें एक चित्र रंगविलें. तें १८२४ सालीं ड्रेस्डेनच्या प्रदर्शनांत आलें व लोकांस फार आवडलें. रिख्टर तेव्हां अवघा वीस-एकवीस वर्षांचा. फ्रीड्रिखनें पन्नाशी गांठलेली. त्याच वर्षीं येथील कलापीठानें फ्रीड्रिखला प्राध्यापक ही पदवी दिली खरी, पण वर्षाच्या अखेरीस निसर्गचित्रणाचे अध्यापक क्लेंगेल वारले असतां त्यांच्या जागीं त्याची नेमणूक केली नाहीं. प्रकृतीही त्या सुमारास बिघडलेली. पदवी आहे, शिष्य सोंपवीत नाहींत, आणि कालचें पोर ज्या डोंगरावर वाहवा मिळवितें तो आपण पाहिलेलाही नाहीं! अशा मनःस्थितींत त्यानें रिख्टरच्या पटाहून मोठा पट ताणला. उंची सुमारें साडेचार फूट, रुंदी सुमारें साडेपांच. आणि तेंच शिखर काढावयास घेतलें. यांत स्पर्धा नव्हती असें म्हणणें भाबडेपणाचें होईल.

शिखराची आकृति त्यानें कोठून आणली हें ऐकण्यासारखें आहे. ऑगुस्ट हाइन्रिख या नांवाचा एक गुणी तरुण त्याच्या शिष्यासारखा होता. तो साल्झबुर्गच्या प्रदेशांत हिंडून आला होता आणि वाट्समानचें एक जलरंगांतील चित्र त्यानें जागेवर बसून केलें होतें. १८२२ सालीं इटलीच्या वाटेवर असतां इन्सब्रुक येथें हा हाइन्रिख मरण पावला; वयाचीं तीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्याच्या या जलरंगचित्रावरून फ्रीड्रिखनें आपलें शिखर घेतलें. याच सुमारास त्यानें आल्प्सचें आणखी एक चित्र केलें, त्यासाठीं आपला वैद्य-चित्रकार मित्र कारुस याचें रेखाटन वापरलें; तें चित्र १९४५ सालीं बर्लिनमध्यें जळून गेलें. म्हणजे मोठ्या चित्रकारानें दुसऱ्याचे डोळे उसने घेतले, आणि त्यांतही वाट्समानच्या बाबतींत तर मेलेल्या शिष्याचे. कांहींना हें कमीपणाचें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं, परंतु हाइन्रिखचें नांव मात्र या चित्राच्या वर्णनांतून गळतां कामा नये, असें वाटतें. गिर्यारोहकाच्या मागें ओझें वाहणारा असतो, त्याचें नांव लोक विसरतात, तसें हें होऊं नये.

आतां प्रत्यक्ष चित्राकडे वळूं. वाट्समान हा बव्हेरियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील बेर्खटेसगाडेनजवळचा पर्वत; उंची सुमारें ८९०० फूट. तेथील लोककथा अशी, कीं वाट्समान नांवाचा एक क्रूर राजा होता, आणि प्रजेवर केलेल्या अत्याचारांबद्दल शाप मिळून तो, त्याची राणी आणि मुलें यांचे दगड झाले. मोठें शिखर तो राजा, धाकटें शिखर ती राणी, आणि मधलीं लहान टोकें तीं त्यांचीं मुलें. अशा कथा आपल्या सह्याद्रीवरही कमी नाहींत. दगडांत वऱ्हाड पाहणारी दृष्टि सर्वत्र सारखीच. फ्रीड्रिखच्या चित्रांत मात्र राजा नाहीं, राणी नाहीं, शापही नाहीं. वरच्या अर्ध्या भागांत एक विशाल शुभ्र शिखर फिकट निळ्या आकाशांत उभें आहे. त्याच्या खालीं एकामागें एक अशा डोंगरांच्या रांगा. त्याच्याही अलीकडे तपकिरी-हिरवें गवत, शेवाळलेले खडक, खडकावर धरून राहिलेलीं दोन-चार खुरटीं झाडें. मनुष्य नाहीं. जनावर नाहीं. झोपडी नाहीं, पाऊलवाट नाहीं, धूरही नाहीं. रिख्टरच्या चित्रांत पाणी खळाळत खालीं येतें, झाडी आहे, मनुष्यवस्तीच्या खुणा आहेत. पाहणाराला आपण येथें उतरूं, कोणाच्या तरी दारांत बसूं, असें वाटतें. फ्रीड्रिखच्या चित्रांत आपल्याला कोणी बसा म्हणत नाहीं.

प्रथम लक्ष्यांत येतो तो उजेड. चित्राचा अगदीं जवळचा भाग, जो आपल्या पायांखालचा, तो सावलींत आहे. आणि जो भाग सर्वांत दूर तो सर्वांत उजळ. नित्याच्या अनुभवाच्या हें उलट आहे. घरांत दिवा जवळ असतो आणि काळोख कोपऱ्यांत. येथें आपण काळोखांत उभे, आणि दिवा कोसोगणती लांब. सूर्य चित्रांत कोठेंही दाखविलेला नाहीं. त्यामुळें बर्फावर पडलेला उजेड कोठून तरी आलेला आहे असें न वाटतां शिखर स्वतःच उजळलें आहे असा भास होतो. मेणबत्त्या करणाऱ्याच्या मुलाला उजेड दूर ठेवण्याची ही कला कशी साधली, असा एक थट्टेचा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

नंतर रंग. बर्फ पांढरा असतो हें शाळेंतलें पोरही सांगेल. पण चित्रकाराला पांढरा रंग हा सर्वांत कठीण. बर्फ पांढरा दिसतो याचें कारण त्याचे असंख्य सूक्ष्म कण सर्व रंगांचे किरण सारखेच परततात. म्हणूनच त्याला स्वतःचा असा रंग नाहीं. जो रंग त्याच्यावर पडेल तो त्याचा. उन्हांत तो उन्हाचा, आणि सावलींत, जेथें थेट सूर्यकिरण पोंचत नाहींत व केवळ आकाशाचाच उजेड पोंचतो, तेथें तो निळा. जर्मनीचा महाकवि गटे यानें १७७७ च्या डिसेंबरांत हार्त्स पर्वतांतील ब्रोकेन शिखरावरून उतरतांना बर्फावर जांभळ्या सावल्या पाहिल्या, आणि सूर्य मावळतांना आसमंत तांबडें झालें तेव्हां त्याच सावल्या हिरव्या झालेल्या पाहिल्या. हा अनुभव त्यानें १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्णविषयक ग्रंथांत नमूद केला आहे. फ्रीड्रिखच्या शिखरावर असले चमत्कार नाहींत. त्याचे निळे-करडे रंग फार संयमानें आलेले आहेत. बर्फाच्या घड्यांत, कड्यांच्या फटींत, जेवढे हवे तेवढेच. याच गटेनें १८१६ सालीं त्यास ढगांच्या शास्त्रीय वर्गीकरणाप्रमाणें ढगांचीं चित्रें काढून द्यावीं अशी विनंती केली होती, ती त्यानें नाकारली. शास्त्राला त्याचा विरोध होता असें नव्हे. पण आकाशाला खण पाडून त्यांत ढग बसवावे, हें त्याला रुचलें नाहीं.

रंग लावण्याची त्याची पद्धतही या प्रकाशाशीं निगडित आहे. आधीं पटावर खडू व शिसपेन यांनीं आकृति आंखावयाची, ती शाईनें पक्की करावयाची, आणि मग पातळ, पारदर्शक रंगांचे थरांवर थर द्यावयाचे. कुंचल्याचा फटकारा कोठें दिसत नाहीं. पातळ थरांतून उजेड आंत जातो, खालच्या फिक्या अस्तरावर आपटून परत येतो, आणि म्हणून रंग आंतून उजळल्यासारखा वाटतो. जाड रंगाचा लेप देऊन चमक आणणारे चित्रकार पुष्कळ होऊन गेले. त्यांची चमक दागिन्याची, याची दुधावरच्या सायीची.

परंतु केवळ उजेड आणि रंग यांनींच मन तसें स्तब्ध होत नाहीं. त्याचें आणखी एक कारण आम्हांस असें दिसतें, कीं या चित्रांत शिखरापर्यंत जाण्याचा मार्ग कोठेंच नाहीं. जवळचे खडक स्पष्ट, इतके कीं हात लावावा. दूरचें शिखर स्पष्ट. आणि मधला प्रदेश मात्र धूसर, तुटक, एकमेकांआड दडलेला. दृष्टि पायऱ्या शोधते आणि तिला उडी घ्यावी लागते. आपण नेमके कोठें उभे आहोंत, दरीच्या कांठावर कीं टेंकडीवर, हेंही कळत नाहीं. या अडचणीचें मर्म असें, कीं जवळचे खडक वाट्समानचे नव्हेतच. मधल्या भागांतील खडकांचा तो रचलेल्यासारखा ढीग फ्रीड्रिखनें १८११ सालच्या प्रवासांत हार्त्स पर्वतांत, ट्रूडेनश्टाइन नांवाच्या कातळापुढें बसून रेखाटला होता. तेरा वर्षें जपून ठेवलेलें तें रेखाटन त्यानें येथें आल्प्सच्या पुढें आणून बसविलें. दोन्ही ठिकाणांमध्यें सुमारें तीनशें मैलांचें अंतर! एक दगड त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला, आणि एक शिखर दुसऱ्याच्या डोळ्यांनीं. या दोहोंमधली जागा धूसर राहिली यांत नवल तें काय? आम्हांस तर ती धूसर जागाच या चित्रांतील सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

कांहीं टीकाकार या शिखरांत परमेश्वर पाहतात आणि पुढच्या खडकांत श्रद्धा, खुरट्या झाडांत मर्त्य मानव, असा एकेका वस्तूचा अर्थ लावून देतात. फ्रीड्रिख धर्मनिष्ठ होता हें खरें. १८०८ च्या सुमारास त्यानें डोंगरमाथ्यावरील क्रूसाचें चित्र वेदीसाठीं काढलें तेव्हां रामडोर नांवाच्या टीकाकारानें निसर्गचित्र देवालयांत घुसूं पाहतें म्हणून १८०९ सालीं मोठें काहूर उठविलें होतें, हेंही प्रसिद्ध आहे. पण त्या चित्रांत क्रूस होता; या चित्रांत तो नाहीं. ज्यानें क्रूस काढण्यास कधीं भीड बाळगली नाहीं त्यानें येथें तो काढला नसेल तर त्याचा मान राखावा, असें आम्हांस वाटतें. कोशांत पाहून शब्दांचा अर्थ लावावा तसा चित्राचा अर्थ लावीत बसलें म्हणजे चित्र पाहावयाचें राहून जातें.

या चित्रानें फ्रीड्रिखची बाजू सांवरली नाहीं. लोकांची आवड बदलत चालली होती. याच्या आधीं एकच वर्ष पुरें केलेलें त्याचें बर्फसमुद्राचें चित्र, ज्यांत हिमखंडांखालीं चिरडलेलें गलबत आहे, तें तर त्याच्या हयातींत विकलेंच गेलें नाहीं. १८३५ सालीं त्यास पक्षाघात झाला, आणि ७ मे १८४० रोजीं तो ड्रेस्डेन येथें गरिबींत वारला. पुढें पन्नास वर्षें त्याचें नांवही फारसें कोणी घेईना. नॉर्वेचा कलेतिहासकार आउबेर्ट यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा शोध घेतला, आणि १९०६ सालच्या बर्लिन येथील मोठ्या प्रदर्शनापासून तो पुन्हां लोकांच्या डोळ्यांसमोर आला.

पण पुन्हां डोळ्यांसमोर येणें हें नेहमींच सुखाचें नसतें. हिटलरच्या राजवटींत फ्रीड्रिखला उत्तरेकडील शुद्ध रक्ताचा चित्रकार म्हणून डोक्यावर घेण्यांत आलें. वाट्समान ज्या बेर्खटेसगाडेनच्या माथ्यावर आहे त्याच परिसरांत खुद्द हिटलरचें निवासस्थान होतें. 'वाट्समान' हें चित्र त्या काळीं मार्टिन ब्रुन या ज्यू संग्राहकाच्या मालकीचें होतें. १९३७ सालीं त्यास तें बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयास विकावें लागलें. कुटुंबासह अमेरिकेस निघून जाण्यासाठीं त्यास पैसा हवा होता. विक्री झाली, कागद झाला, रक्कम दिली गेली. परंतु मागें घर पेटलेलें असतां दारांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशीं केलेला तो व्यवहार होता. ज्या राज्यानें त्या मनुष्याला देशांत राहूं दिलें नाहीं, त्याच राज्याच्या भिंतीवर त्याचें शिखर टांगलें गेलें. त्या शिखरांत मनुष्यमात्राचा मागमूस नाहीं, याची कोणा अधिकाऱ्यास त्या दिवशीं आठवण झाली असेल काय?

महायुद्धानंतर फ्रीड्रिखच्या चित्रांवर त्या राजवटीची सांवली बरींच वर्षें राहिली. चित्रांचा दोष नव्हता. पण वाईट माणसानें स्तुति केलेल्या वस्तूकडे चांगलीं माणसें कांहीं काळ पाहीनाशीं होतात. १९७२ सालीं लंडनमध्यें व १९७४ सालीं, त्याच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं तेव्हां, हँबुर्ग व ड्रेस्डेन येथें त्याचीं मोठीं प्रदर्शनें झालीं, आणि मग ती सांवली विरळ होत गेली. 'वाट्समान'च्या १९३७ सालच्या व्यवहाराचा न्याय मात्र व्हावयास २००२ साल उजाडलें. त्या वर्षीं तें चित्र ब्रुन यांच्या वारसांस परत करण्यांत आलें. एका जर्मन बँकेनें तें त्यांच्याकडून विकत घेतलें, आणि कायम ठेव म्हणून पुन्हां त्याच संग्रहालयांत ठेवलें. पाहणाऱ्यांस भिंतीवर फरक कांहींच दिसला नसेल. चित्र तेंच आणि शहरही तेंच. पण पासष्ट वर्षें कागदांत असलेली एक खोटी ओळ खोडली गेली. २०२४ सालीं चित्रकाराच्या जन्माची अडीचशें वर्षें बर्लिनमध्यें साजरीं झालीं, तीं तरी या अर्थानें निर्वेध मनानें साजरीं करतां आलीं.

ट्रूडेनश्टाइनचा तो कातळ हार्त्स पर्वतांत अजून उभा आहे. त्यावर चढून जाण्यास शिडी बसविलेली आहे, आणि हौशी लोक माथ्यावर जाऊन उभे राहतात. तेथून दाट रानापलीकडे ब्रोकेनचा गोल माथा दिसतो, ज्यावरून उतरतांना गटेनें रंगीत सावल्या पाहिल्या तो. वाट्समान तेथून दिसत नाहीं.